सीताफळीची वाट

आमच्या घरात हळू बोलायची कुणाला सवयच नव्हती. सोलापुरातल्या गिरणीच्या चाळीत हळू बोलून भागणारही नव्हतं. पहाटे भोंगा व्हायचा. तो संपतो न संपतो तोच शेजारच्या नरसम्माच्या घरात हातमागाची खटखट सुरू व्हायची, आणि नळावर मराठीत पेटलेलं भांडण तेलुगूत जाऊन, तिथं चांगलं तापून, पुन्हा मराठीत येऊन विझायचं. आई गिरणीत रिळांच्या खात्यात होती. दिवसभर यंत्रांच्या गलक्यात एकमेकींना ओरडून सांगायची सवय झालेल्या त्या बाया घरी आल्या तरी तशाच बोलत. भुवयांवर कापसाचे तंतू घेऊन आई दारात उभी राहायची आणि "हौसेऽ, चूल पेटवली का?" असं विचारायची, तेव्हा समोरच्या चाळीतल्या हौसाही दचकून चुलीकडं पळायच्या. आता माझी सून म्हणते, "आई, जरा हळू बोला, फोन नसला तरी तिकडं ऐकू जाईल." मी म्हणते, जाऊ दे की. हळू बोलायला मी कुणाची चोरी केलेली नाही.

पण आवाज म्हणावा तो माझ्या वडिलांचा. त्यांना मी दादा म्हणायची. आमचं मूळ गाव बोरखिंड. तुळजापूरकडं जाताना डोंगराची जी कड लागते, तिच्या पोटाशी ते वसलेलं आहे. सोलापुरात राज्य इंग्रजांचं, आणि नाका ओलांडून पलीकडं गेलं की मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलूख. गावाच्या डोक्यावर खिंड, आणि खिंडीच्या डोक्यावर जुना पडका गड. कोण्या काळी दोन सुलतानांच्या राज्यांची सीमा म्हणे इथंच भिडत होती. आज हा गड एकाचा, उद्या दुसऱ्याचा. खिंडीतून शत्रू येत नाही ना, हे बुरजावरून पाहायचं आणि सगळं ठीक असलं की खाली हाळी द्यायची, "वाट मोकळी हाय!", हे काम आमच्या घराण्याकडं. ती हाळी ऐकल्याशिवाय खालचं माणूस-जनावर खिंडीत शिरायचं नाही. सुलतान गेले, त्यांच्या तोफा गेल्या, गडाचे दगड लोकांनी गोठ्यांना नेले, हाळी तेवढी राहिली. दरवर्षी दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की दिवस मावळायच्या सुमारास आमच्या घरचं माणूस बुरजावर चढून हाळी द्यायचं. खाली धनगर आपली मेंढरं घेऊन थांबलेले असायचे. त्यांचा म्होरक्या विचारायचा, "कुनाची हाळी?" वरच्यानं आपल्या घराचं नाव सांगायचं. "ऐकलीऽ" असा खालून जबाब आला, की हाळी मान्य झाली आणि वर्षाचा पहिला कळप खिंडीतून पलीकडच्या मुलखात निघाला.

यात नुसता मान असता तर कुणी कुणाच्या उरावर बसलं नसतं. पण ज्याची हाळी मान्य होईल, त्यानं त्या साली हाळीचं रान पेरायचं, अशी रीत होती. खिंडीच्या तोंडाशी ओढ्यालगतचा तो काळ्याभोर मातीचा तुकडा. दसऱ्यानंतर त्यात शाळू पेरायचा. दादा गिरणीत लागले तरी हे रान त्यांनी सोडलं नव्हतं. गावातल्या भावकीतल्या एकाला वाट्यानं लावून आमच्या वाट्याची पोती ते सोलापूरला आणत. त्या शाळूची भाकरी चुलीतून काढली की तिच्या पापुद्र्यातून वाफ सुटायची, आणि वर उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगांची चटणी. बाजारच्या ज्वारीची मूठ आई तळहातावर घ्यायची आणि नाक मुरडून परत पोत्यात टाकायची. आमचं वर्षभराचं पोट त्या बुरजावर टांगलेलं होतं, असं म्हटलं तरी चालेल.

दादांना मुलगा नव्हता, मी एकटी होते. त्यामुळं असेल किंवा त्यांच्या डोक्यात दुसरं काही असेल, सुट्टीच्या दिवशी ते मला गिरणीमागच्या माळावर घेऊन जायचे. तिथं विटांच्या भट्टीची उंच भिंत होती. तिच्यासमोर उभं करून म्हणायचे, "दे हाळी." मी आपली सगळं एका दमात ओरडून टाकायची. दादा हसायचे. "आगं, कड्याला बोलू दे की. आपुन एक शब्द टाकला की समोरचा कडा त्यो परत देतो. त्यो बोलत आस्ताना आपुन गप ऱ्हायाचं. दोगं एकदम बोलायला लागलं, की खालच्याला निस्ता कालवा ऐकू येतो." मग मी "वाऽऽट" म्हणून थांबायची. भट्टीची भिंत "आऽऽट" म्हणायची. मग "मोकळीऽऽ". एवढी साधी गोष्ट, पण थांबणं लई जड जातं. आजही सभेत भाषणं ऐकताना मला वाटतं, याला कुणीतरी भिंतीसमोर उभं करायला हवं होतं.

मग एका पावसाळ्यात दादा तापानं गेले. त्या वर्षी आमच्या घरी सणवार नव्हता, म्हणून हाळी धाकट्या काकानं, नामूकाकानं दिली. आईनंच त्याला तसं सांगितलं होतं. रानही त्यानं पेरलं. त्याबद्दल तक्रार नव्हती. पण पुढच्या दसऱ्याआधी त्यानं गावच्या एका माणसाकरवी निरोप धाडला: वैनीनं यंदा यायची दगदग करू नये, हाळी आता आमच्या घरात आली, ती आमच्यातच ऱ्हाईल. आई भाकरी थापत होती. निरोप्याला तिनं चहा दिला, तुळजापूरच्या रस्त्याची हवा विचारली, त्याला दारापर्यंत पोचवून आली आणि तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती. आईच्या हातची करपलेली भाकरी मी पहिल्यांदाच पाहिली.

"हौसे," ती म्हणाली, "हाळी देऊन दाखीव."

"हितं?"

"हितंच. आवाज हाय का गेला, ते तर बगू दे."

दादा गेल्यापासून मी हाळी दिली नव्हती. दारात उभी राहिले आणि दिली. नरसम्मा पिठाच्या हातांनी धावत आली, तिला वाटलं कुठंतरी आग लागली. काय झालं ते कळल्यावर कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "भोंगा बिघडला तर गिरणीवाले हिलाच नेतील." आई वर्षभरात पहिल्यांदा हसली, आणि मग डोळ्याला पदर लावून भांडी घासायला बसली. मला त्या क्षणी काकाचा इतका राग आला, की तो समोर असता तर मी त्याच्या हाताला चावले असते. चावायच्या वयाची मी राहिले नव्हते, तरीही.

दसऱ्याची गिरणीला सुट्टी असायची. पहाटेच्या सर्व्हिस मोटारीनं आम्ही निघालो. नाक्यावर मोगलाईच्या शिपायानं गठुडं सोडायला लावलं. "क्या है इसमें?" आईनं भाकऱ्यांवरचं फडकं बाजूला केलं. "भाकर हाय, चटनी हाय. खातो का?" त्यानं खरंच एक चतकोर घेतला, चटणी लावून तोंडात टाकला आणि डोळ्यांत पाणी येऊन बाजूला झाला. सोलापुरी चटणीची मी पाहिलेली ती पहिली लढाई.

गावात पोचलो तेव्हा दुपार कलली होती. घरी न थांबता आई तडक गडाच्या चढणीला लागली. वर महादरवाज्यात सगळी पुरुषमंडळी जमलेली. दरवाज्याची एक फळी कधीच गेली होती. दुसरी गंजलेल्या खिळ्यांसकट भिंतीला टेकून उभी. उंबऱ्याला झेंडूचा हार, गुलाल, आपट्याची पानं. उंबऱ्यावरच नामूकाका मांडी ठोकून बसला होता, शेजारी म्हातारे पाटील पाय पसरून पान जमवत होते. आम्हाला पाहून काका उठला नाही.

"वैनी, तुमी कशापायी आला?"

"हाळी द्याया. थोरल्या घराची हाय, थोरलंच घर दील."

"थोरल्या घरात हायच कोन आता?"

आईनं माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढं केलं. पुरुषांत हसू फुटलं. काका हसला नाही, उलट त्याचा चेहरा घट्ट झाला. "पोरगी म्हंजे परक्याचं धन. आज हाळी दील, उद्या नांदाया जाईल. मग रान काय सासरला न्हेनार व्हय?"

"जाईल तवा जाईल. आज ती माज्या घरची हाय."

"आन बाईमानसानं दरवाज्याच्या आत जायाचं न्हाय. गडावरच्या म्हसोबाला चालत न्हाय. पाटील, सांगा की यास्नी."

पाटलांनी पान तोंडात सारलं आणि मान हलवली. ती होकाराची होती की पान चांगलं जमल्याची, कोण जाणे.  आई माझा हात धरून वळली. मागून काकाचा आवाज आला, "खाली देवळात बसा, जेवनं सांगितल्याती." मला वाटलं संपलं. आम्ही मोटारीनं आलो तसे परत जाणार, आणि वर्षभर बाजारची ज्वारी खाणार. 

वळणाआड गेलो तोच कुणीतरी आईचा पदर ओढला. नामूकाकाची बायको, माझी काकू. डोक्यावर रिकामी पाटी घेऊन झुडपात उभी होती. "अक्का," ती दबक्या आवाजात म्हणाली, "दरवाज्यात कशाला जाता? सीताफळीच्या वाटेनं चला की."

ही वाट गावातल्या एकूण एक बाईला ठाऊक होती. दरवाज्यापासून थोडक्या अंतरावर तटाची भिंत ढासळून खिंडार पडलेलं होतं, आणि त्यात सीताफळीचं रान माजलेलं. बाया रोज तिथून आत जात. सरपण आणत, शेण्या वेचत, या दिवसांत सीताफळं काढत. म्हसोबाला ते बारा महिने चालायचं. त्याला बाईचा विटाळ व्हायचा तो फक्त दसऱ्याच्या संध्याकाळी. पुरुषांना खिंडार माहीत नव्हतं असं नाही. पण मान दरवाज्याला होता, म्हणून पहारा दरवाज्यावर. मी पुढच्या आयुष्यात अडवणारे पुष्कळ पाहिले, शाळेत, कचेरीत, आणि माझ्या स्वतःच्या घरातही. बहुतेक सगळे दरवाजा धरून बसलेले होते, आणि शेजारी भिंत पडलेली होती.

काकू पुढं, मी मध्ये, मागं आई, अशा आम्ही आत शिरलो. गड मी आतून पहिल्यांदाच पाहत होते. दादांबरोबर यायची तेव्हा दरवाज्याबाहेर बायांत बसायची, आणि आत मोठा राजवाडा असेल, चौक असतील, असं काय काय मनात रंगवायची. आत होतं उंच वाळलं गवत आणि दगडांचे ढीग. एका ठिकाणी नुसत्या कमानी उभ्या, छप्पर नाही. त्यांच्या सावलीत शेळ्यांच्या लेंड्यांचा थर. टाक्यात हिरवं पाणी आणि त्यात एक बेडूक, गडाचा मालक असल्यासारखा. बुरजावर जायच्या पायऱ्यांजवळ तुटकी तोफ गवतात लोळत पडलेली. काकूनं जाता जाता तिच्यावर पाटी टेकवली आणि हात वर करून पाटी भरेपर्यंत पिकली सीताफळं तोडली. काय सांगू, माझी भीतीच गेली. ज्या जागेचा एवढा बाऊ केला होता तिथं काकू रोज शेण्या वाळवत होती.

बुरजावर वारा होता. खाली खिंड चाकूनं चिरल्यासारखी अरुंद, समोर काळा कडा, आणि खिंडीच्या तोंडाशी मेंढरांचा पांढरा-काळा कळप. त्यांच्यापुढं काठी टेकून उभा होता बिराप्पा, धनगरांचा म्होरक्या. दादांची हाळी वर्षानुवर्षं ऐकलेला माणूस. सूर्य डोंगराच्या कडेला टेकत होता. दरवाज्यातल्या मंडळींचं अजून आपटा लुटणं चाललं होतं, हसण्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

"दे," आई म्हणाली.

"वाऽऽट," मी म्हटलं, आणि थांबले. आवाज कापला होता. पण समोरच्या कड्यानं तो परत दिला तेव्हा तो कापरा राहिला नव्हता, माझ्यापेक्षा मोठा होऊन आला होता. दादांनी भट्टीच्या भिंतीसमोर मला जे शिकवायचा आटापिटा केला, ते तेव्हा मला कळलं. मग मी छातीभरून ओरडले, "मोकळीऽऽ", आणि कड्याला बोलू दिलं. "हाऽऽय!" दरवाज्यातलं हसणं एकदम बंद पडलं.

खाली बिराप्पानं मान वर केली. बुरजावर तीन लुगडी त्याला दिसत असणारच. काठीवर हनुवटी टेकून तो वर बघत राहिला. तिकडून काका ओरडत होता, पण कड्याआड त्याचे शब्द नुसता कालवा होऊन जात होते. शेवटी बिराप्पानं हात तोंडाशी नेले.

"कुनाची हाळीऽऽ?"

दादा इथं स्वतःचं नाव सांगायचे. मी काय सांगू? गेलेल्या माणसाचं नाव चालतं का? माझं चालेल का?  तेवढ्यात माझ्या कानाशी असा काही आवाज फुटला की मी दचकून मागं सरले. आई बुरजाच्या कडेला उभी राहून ओरडत होती. रिळांच्या खात्यात यंत्रांवर मात करणारा तो आवाज होता.

"मारुती हाळीवाल्याच्या घराचीऽऽ!"

माझ्या आईनं नवऱ्याचं नाव घेतलेलं मी तोवर एकदाच ऐकलं होतं, एका बारशात, तेही उखाण्यात गुंडाळून, लाजत. आता ते कड्यावर आपटून पुन्हा परत येत होतं, मारुती, मारुती, मारुती. तिनं पदर सारखा केला नाही, डोळेही पुसले नाहीत. नुसती खाली पाहत राहिली.

"ऐकलीऽऽ!" खालून जबाब आला. बिराप्पानं काठी उचलली आणि बोकड पुढं घातला. गळ्यातली घंटा वाजवत तो खिंडीत शिरला आणि त्याच्यामागं पाणी वाहावं तशी मेंढरं.

त्या साली हाळीचं रान आम्ही पेरलं. पुढं माझं लग्न झालं, तेव्हाही हे परक्याचं धन दर दसऱ्याला बोरखिंडीला यायचं. एकदा पोटुशी असताना आले, एकदा तान्हं लेकरू पाठीला बांधून. सासरच्यांनी कुरकूर केली, तर मी त्यांना त्या शाळूची भाकरी खाऊ घातली. आता खिंड फोडून रुंद डांबरी रस्ता झाला आहे आणि मेंढरं टेंपोतून जातात. हाळीची गरज कुणाला उरली नाही. तरी गेल्या वर्षी मी बुरजावर गेले होते. नातवानं हाताला धरून नेलं, आणि खाली ट्रकवाले हॉर्न वाजवत असताना मी त्यांना वाट मोकळी असल्याचं सांगितलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही बुरजावरून उतरलो तेव्हा काकू सवयीनं खिंडाराकडं वळली. आई थांबली.

"तिकडं न्हवं," ती म्हणाली. "आलो चोरावानी. जायाचं दारातनं."

महादरवाज्यात मंडळी तशीच होती, आमच्याकडं तोंडं करून. काका उंबऱ्यात आडवा उभा राहून खिंडीकडं ओरडत होता, "बिराप्पाऽ, ही हाळी खोटी हाय! मेंढरं मागं फिरीव!" खालून, घंटांच्या आवाजातून, बिराप्पाचं उत्तर आलं. "खिंडीत शिरल्याली मेंढरं वळत न्हाईत, नामूऽऽ!" ते सगळ्यांनी ऐकलं. काका मटकन उंबऱ्यावर बसला, पाय पसरून, वाट अडवून. पाटील शेजारी होतेच.

आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आत उभी होती ती, दरवाज्याच्या आत, आणि तो तिच्या पायांशी.

"उठा भावजी," ती म्हणाली. या खेपेला ती ओरडली नाही. "वाट मोकळी हाय."

आधी पाटलांनी पाय आखडून घेतले. मग एकेक जण मागं सरला. शेवटी काकाही उठला आणि त्या खिळ्यांच्या फळीला पाठ लावून उभा राहिला. आई उंबऱ्यावरून बाहेर पडली, तिच्यामागं मी. आणि आमच्या मागून, नवऱ्याकडं न बघता, सीताफळांनी भरलेली पाटी डोक्यावर घेऊन काकू आली.